आधी मांजर आत जाऊ दे

१२ मार्च

नाही हो बाई, आजारी नाही ते — जन्मतःच तसं! हो, उघडंच. हो, मिशासुद्धा वाकड्या. नाही, मी नाही कापल्या!

दिवसभर फोनवर हेच चाललंय. माझी सून ईनेसा बाजारात गेली आणि फोन माझ्या गळ्यात अडकवून गेली. बिनकेसाची मांजरं पाळते ती, पिल्लं विकते. आख्ख्या रस्तोव शहराला दुसरं काही सुचत नाहीय. शेवटी एकीला म्हटलं, "केसच हवे असतील तर माझा मुलगा घेऊन जा. पाठीवर भरपूर आहेत." आपटला तिनं फोन!

ईनेसा आली. "ग्लाफिरा निकितिच्ना, गिऱ्हाईक होतं ते!" ती मला आई म्हणत नाही. बापाच्या नावासकट आख्खं नाव घेते, शाळेतल्या बाईंना हाक मारावी तसं. मारू दे.

खरी बातमी पुढं. रोदियोन संध्याकाळी आला, बूट काढता काढता म्हणाला, "आई, ईस्टरनंतरच्या शनिवारी तुला गावी सोडतो."

सुटले! नवव्या मजल्यावरून सुटले!

१३ मार्च

लिहून ठेवते. नाहीतर उद्या मीच म्हणेन, एवढं काही वाईट नव्हतं.

माझा नवरा झाखार ऑक्टोबरात गेला. डिसेंबरात मी अंगणात बर्फावर घसरले, कंबरेत उसण भरली. रोदियोननं गाडीत घातलं आणि इथं आणून ठेवलं. "थंडीपुरतं गं," म्हणाला. तेव्हापासून इथंच.

खिडक्यांना जाळ्या, मांजरं पडतील म्हणून. खिडकी उघडायची नाही, मांजरांना वारा लागेल. घर इतकं तापवून ठेवतात की बाहेर नदी गोठलेली आणि मी उन्हाळ्यातल्या झग्यात घाम पुसतेय. दाराला दोन कुलपं, आणि किल्ली माझ्याकडून काढून घेतलेली. का, तर फेब्रुवारीत कचरा टाकायला निघाले आणि थोरली मांजर, ग्राफिन्या, माझ्या पायातून निसटली. पाचव्या मजल्यावरच्या बाईनं तिला अंधाऱ्या जिन्यात बघितलं, सैतान सैतान करून ओरडली. हसून हसून माझी कंबर पुन्हा धरली. ईनेसा हसली नाही. किल्ली गेली.

मला वेळेवर खायला देतात, वेळेवर गोळ्या, न्हाणं झालं की लगेच पुसून कोरडं करतात. मांजरांचंही तेच. फक्त मला बघायला गिऱ्हाईक येत नाही.

१५ मार्च

जेवताना सांगून टाकलं. घर हिवाळाभर बंद आहे, नुसतं कुलूप काढून आत शिरायचं नाही. आधी मांजर आत जाईल, मग मी. मांजर धडधाकट हवं. आपलं हवं. मी स्वतः निवडलेलं हवं, आणि माझ्या हातानं नाणं देऊन घेतलेलं — फुकटचं मांजर घराला लागत नाही.

रोदियोन हसला नाही. गावात वाढलाय तो. बंद घरात चुलीमागचा म्हातारा, घर राखणारा, किती रुसून बसलेला असतो ते त्याला ठाऊक आहे. दुखणाईत मांजर पुढं घातलं तर तो घरच दुखणाईत करून टाकतो.

ईनेसा म्हणाली, "एवढंच ना? आपल्याच चार पिल्लांतलं एक घ्या."

सून मला मांजर देतेय! केवढी घाई बाईला!

"हे सोललेलं? अगं, म्हातारा चूल सोडून पळेल!"

"स्वेटर विणीन त्याला."

"त्याला विणशील. सासूला कधी विणलास?"

रोदियोननं चमचा खाली ठेवला. "आई, थट्टा पुरे. एक स्पष्ट सांगतो. तू राहणार असशील तर घर तुझं. नसशील राहणार, तर मे महिन्याच्या आत गावातल्या येव्स्तिग्नेयला देऊन टाकतो. मधाच्या पेट्यांसाठी जागा शोधतोय तो. आणखी एक हिवाळा रिकामं राहिलं तर छप्पर खाली येईल."

"कोण म्हणतं मी राहणार नाही?" — इतक्या जोरात म्हटलं की ग्राफिन्या टेबलावरून उडाली!

माझं घर. माझी निळी दारं-खिडक्या. मधमाश्यांना द्यायला निघालाय!

१९ मार्च

सूनबाईंनी शाळा घेतली. चार पिल्लं पलंगावर ओळीनं मांडली. जानेवारीतली आहेत, एप्रिल लागला की आईपासून तोडता येतील. ईनेसानं त्यांना राजघराण्यातली नावं दिलीत, माझी जीभ वळत नाही. मी माझी ठेवली. मोठं गुलाबी ते बटाटा. अंगावर पीचसारखी लव आहे ते मखमल. ताठ बसून सगळ्यांकडं तिकीट मागितल्यासारखं बघतं ते कंडक्टर. आणि चौथ्याच्या अंगावर राठ, तुटके केस आहेत, ते गळणार नाहीत म्हणे — तो दात घासायचा ब्रश.

"शेपटीपासून सुरू करू का?" मी विचारलं.

"आधी लांबून बघा," ईनेसा म्हणाली. "खेळतंय का, तुमच्याकडं येतंय का. कोपऱ्यात बसून राहिलं तर सोडून द्या. मग हात लावा."

हात लावला. आईशप्पथ, गरम भाकरी उचलल्यासारखं वाटलं! ती म्हणाली, असंच हवं. कातडी गरम, किंचित तेलकट चालेल, पण फोड नको, खपली नको, लाल चट्टा तर नकोच नको. मानेवर चिमटीत धरून सोडायची — सुरकुती लगेच बसली पाहिजे. कान सुपासारखे मोठे, आत तपकिरी मळ असतोच, पण वास नको. पापणी आत वळलेली नको. हिरड्या गुलाबी. पोट गोल, पण ढोलासारखं ताणलेलं नको. शेपूट बुडापासून टोकापर्यंत दोन बोटांतून ओढायची, कुठं गाठ लागता कामा नये.

"लग्नाआधी मी झाखारला एवढं तपासलं नव्हतं," मी म्हटलं.

आणि ईनेसा हसली! पहिल्यांदा बघितलं मी. दात छान आहेत तिचे. मला वाटलं होतं नसतील.

२४ मार्च

बटाटा रद्द. सकाळी डोळ्याच्या कोपऱ्यात घाण होती.

"अहो, पापण्यांना केस नाहीत त्यांच्या. सकाळी थोडं येणारच. पुसलं की झालं. हिरवं, चिकट असतं तर काळजी."

"रडकं आहे. रडकं मांजर पुढं घालून घरात शिरू?"

ईनेसानं सुस्कारा टाकला. टाकू दे.

२७ मार्च

गावाहून आग्राफेनाचा फोन. शेजारीण माझी, घरावर लक्ष ठेवते. "ग्लाशा, माझ्या गोठ्यात तीन मांजरं आहेत. एक उचल आणि टाक आत. त्या टकल्याची काय वाट बघतेस?"

"तुझ्या गोठ्यातलं मांजर तुझ्याकडंच पळणार. माझं घर त्याला कशाला हवं?"

"भिंतीला भिंत आहे आपली!"

"म्हणूनच पळणार."

मग हळूच म्हणाली, "मी कुणाकडं काही बोललेले नाही हो, ग्लाशा."

ग्राफिन्यानं दूध सांडलं होतं. फोन ठेवावा लागला.

३० मार्च

लिफ्ट बंद. खाली वसंत आलाय, वर मी.

२ एप्रिल

तागानरोगहून एक मुलगी आली, नखं लाल, ओठ लाल. ईनेसा नेमकी न्हाणीघरात, मांजराला साबण लावत होती. मुलीनं बटाट्याला उचललं, "अय्या, किती सुरकुत्या! आजी, ह्याला क्रीम लावायचं का?"

"मला लावतं का कोणी?"

लाजली. मग बसवली तिला माझ्या शेजारी आणि सगळं शिकवलं. लांबून बघ. आता हात लाव. मानेला चिमटा काढ — माझ्या नाही गं, मांजराच्या! कानाचा वास घे. नाक मुरडू नकोस, नवऱ्याच्या मोज्यांपेक्षा बराच आहे. शेपूट ओढ. आता उलटं कर, शेपटीखाली स्वच्छ आहे का बघ. तिनं मखमल निवडलं. उत्तम निवडलं. डब्यात घालून, वरून शाल गुंडाळून घेऊन गेली.

ईनेसा दारात उभी होती, ओल्या हातांनी, सगळं ऐकत. मला वाटलं आता ओरडणार. तिनं चहा केला. जर्दाळूचा मुरंबा काढला, पाहुण्यांसाठी ठेवलेला. म्हणाली, "तुम्ही गेलात की हे कोण करणार?"

"तुझ्या आईला बोलाव."

"आई नाहीय मला. तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. तोंडातून निघून गेलं. मुरंब्याची वाटी तिच्यापुढं सरकवली.

५ एप्रिल

कंडक्टरच्या शेपटीत गाठ लागली मला. ईनेसानं तीच शेपूट ओढून बघितली. रोदियोनला ओढायला लावली. त्या बिचाऱ्या पिल्लाला वाटलं आपण वाजवायचं वाद्य आहोत. "गाठ नाही, ग्लाफिरा निकितिच्ना."

"माझ्या बोटांना लागली."

"मग ब्रश घ्या. केस आहेत, गारठा सोसेल, उंदीर धरेल. गावासाठी ह्याच्यासारखा दुसरा नाही!"

"केसाळ मांजर कुठंही मिळतं. घेणार तर टक्कलच घेणार."

"पहिल्या दिवशी तुम्हीच म्हणालात की—"

"म्हणाले असेन. म्हाताऱ्या बाईचं काय धरून बसतेस?"

रोदियोन माझ्याकडं बराच वेळ बघत राहिला. बापासारखे डोळे आहेत मेल्याचे.

१२ एप्रिल

ईस्टर. कांद्याच्या सालीत अंडी रंगवली, ईस्टरचा गोड पाव, कुलिच, छान फुगला. रोदियोनच्या अंड्यावर माझं अंडं आपटलं, त्याचंच फुटलं. दरवर्षी त्याचंच फुटतं.

मग तो म्हणाला, "आज निवड, आई. शनिवारी निघायचं. मंगळवारी मृतांचा सण आहे, बाबांच्या कबरीवर गेलं पाहिजे तुला."

कंडक्टरला उचललं. लांबून बघितलं, जवळून बघितलं. कान, डोळे, हिरड्या, पोट. ईनेसाच्या हातात नाणं ठेवलं. तिनं मूठ बंद केली. "सुखानं राहा दोघं," म्हणाली. आवाज जरा फाटला तिचा. बटाट्यासाठी आणि ब्रशसाठीही गिऱ्हाईकं ठरलीत, ह्याच आठवड्यात नेतील. घर रिकामं होईल तिचं.

कंडक्टर माझ्या काखेत शिरून झोपला. दिवसभर हलला नाही, मीही हलले नाही. उठून जायचं तरी कुठं?

१५ एप्रिल

बॅग भरली. चार महिन्यांत बॅग छोटी झालीय, नाहीतर मी जाड झालेय. ईनेसानं स्वेटर पुरा केला, लाल, चार बाह्यांचा. मला एक शाल दिली, तीही लाल. "दोघं एका पलटणीतले दिसाल." थट्टा करायला शिकली की!

खिडकीतून खाली बघितलं. माणसं मुंगीएवढी. जाळीला नाक लावलं तर नाकावर चौकटी उमटल्या.

१६ एप्रिल

घात झाला. दुपारी मी बोर्शचं सार करत होते. ईस्टरआधीचा उपास संपला, हाड घालून छान दाट केला होता. ईनेसा कंडक्टरला स्वेटर घालून बघायला गेली आणि किंचाळली. छातीवर लाल चट्टा! एक मानेखाली, एक काखेत.

"नायटा! नायटा आहे हा!"

पांढरीफटक पडली. मांजरं पाळणाऱ्यांच्या घरात नायटा म्हणजे प्लेग. तिनं तिघांना तीन खोल्यांत कोंडलं. चादरी उकळल्या. आयोडीननं दारांच्या कड्या पुसल्या. मला म्हणाली, कुठं शिवू नका, बाहेर जाऊ नका. बाहेर! किल्ली कुठाय माझ्याकडं?

मांजरांची डॉक्टरीण सुट्टीवर, पुढच्या गुरुवारी येणार. दुसऱ्या कुणावर ईनेसाचा विश्वास नाही. तोवर घरात कुणी यायचं नाही, घरातून मांजर जायचं नाही. आणि मांजर नाही तर मी नाही.

मला काय कळतंय नायट्यातलं! मी आपली मास्तरीणबाईंनी शिकवलं तेवढंच सांगितलं — लाल चट्टा नकोच नको.

१७ एप्रिल

बटाट्याच्या गिऱ्हाइकानं नाही म्हणून कळवलं. ब्रशच्याही. नायट्याचं कळल्यावर कोण येतंय.

ईनेसा स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडली. खुर्ची असताना जमिनीवर! मी वाडग्यात बोर्श वाढला, ती खाईना. डोक्यावर हात ठेवला. ठेवू दिला तिनं. केस किती मऊ आहेत पोरीचे.

लिहवत नाही पुढं.

१८ एप्रिल

आज निघायचं होतं.

२१ एप्रिल

मृतांचा सण. सगळं गाव स्मशानात असेल, चादरी अंथरून, अंडी, कुलिच, थोडी व्होडका. मी नवव्या मजल्यावर.

आग्राफेनानं तिथूनच फोन केला. वारा वाहताना ऐकू येत होता. "झाखारपाशी मीच अंडं ठेवलं. लाल. जाऊन वर्षही झालं नाही, आणि बायको फिरकली नाही म्हणून बायका कुजबुजतायत. मी म्हटलं, मांजराला नायटा झालाय. हसल्या सगळ्या. ग्लाशा, लाज नाही वाटत तुला?"

वाटते.

खोलीचं दार आतून लावून बसले. कंडक्टर त्याच्या खोलीत ओरडतोय, एकटा. बाहेरून कडी आहे त्याला. हा माझा पराक्रम! — मी निवडलं नसतं तर निदान भावंडांत असता.

२३ एप्रिल

डॉक्टरीण आली. लहानखुरी, हातमोजे घातलेली. पडदे ओढले, निळा दिवा लावला. नायटा असेल तर हिरवा चमकतो म्हणे. काही चमकलं नाही.

मग ओल्या कापसानं तिनं चट्टा पुसला. कापूस गुलाबी झाला, चट्टा फिका. पुन्हा पुसला. नाकाशी नेला कापूस. "बीट आहे हे."

ईनेसा आधी हसली, मग रडली, मग माझ्यावर ओरडली, "बोर्शला बीट किसता किसता उचललंत ना त्याला? हात न धुता! आठवडाभर मी मरत होते इथं!" मी मान खाली घातली. थकले आता, म्हटलं.

डॉक्टरणीनं तिघांनाही तपासलं. छातीला नळी लावली, पापण्या उलटल्या, शेपट्या ओढल्या. "तिन्ही ठणठणीत. असं एक मला द्या."

रोदियोननं माझी बॅग पलंगाखालून काढून दाराशी ठेवली. "परवा सकाळी, आई. आता कसलंही कारण नाही."

२५ एप्रिल

सामान खाली गाडीत. कंडक्टर डब्यात, लाल स्वेटर घालून. निघण्याआधी रीतीप्रमाणं सगळे गप्प बसलो, रोदियोन बॅगेवर, ईनेसा स्टुलावर, मी बाकड्यावर. मग ते दोघं उठले. मी नाही उठले.

म्हटलं, माझे हात स्वच्छ होते. बीट मी किसलं आणि मुद्दाम चोळलं त्याला. शेपटीत गाठ नव्हती. बटाटाही रडका नाही. घर येव्स्तिग्नेयला देऊन टाक. झाखार गेल्यापासून मी त्या घरात एकही रात्र झोपलेली नाही. आग्राफेनाकडं झोपायचे, आणि उजाडायच्या आत येऊन माझी चूल पेटवायचे — गावाला धूर दिसावा म्हणून.